जिरावन बाजूला ठेवल्यावर

इंदूरच्या तुकोगंजात महात्मा गांधी मार्गावरचे दिवे लागले की पानाच्या गुमट्यांपुढे माणसं जमू लागतात. उच्च न्यायालयातून उशिरा सुटलेले कारकून, ट्रेझर आयलंड मॉलमधून बाहेर पडलेली कॉलेजची पोरं, रीगल चौकाकडे निघालेले रिक्षावाले, सगळे एकाच फळीसमोर उभे राहतात. फळीवर विडीची बंडलं असतात, साध्या सिगारेटी असतात आणि त्यांच्या शेजारी गेल्या काही वर्षांत येऊन बसलेला नवा मालही असतो. फिल्टरमधली बारीक गोळी दाबली की पुदिन्याचा गारवा सोडणाऱ्या सिगारेटी, मुखवासाची आठवण करून देणाऱ्या चवी, फळांच्या वासाचे प्रकार. विडी मागणारा बहुधा चाळिशी ओलांडलेला असतो. गोळीवाली सिगारेट मागणाऱ्याला मिसरूड नुकतं फुटलेलं असतं.

या फळीपुढे उभं राहिलं की सिगारच्या जगात पुन्हा पुन्हा विचारला जाणारा एक प्रश्न आठवतो. वासाचा, चवीचा माल विकून मोठा झालेला कारखानदार उद्या निव्वळ तंबाखूचा, हाताने वळलेला, परंपरेच्या कसोटीला उतरणारा महाग सिगार करू लागला, तर जाणकार त्याला आपल्यात घेतील का?

इंदूरकराला हा प्रश्न समजायला क्युबापर्यंत जावं लागत नाही. सकाळी वाफेवर ठेवलेले पोहे, वर कांदा, बारीक शेव आणि चिमूटभर जिरावन मसाला, ही त्याची रोजची न्याहारी. सात वाजताचे पोहे जिरावनाशिवायही गोड लागतात. अकरा वाजता पातेल्याच्या तळाशी उरलेल्यांना मात्र ते चिमटीपेक्षा जास्त लागतं. शेवेचंही तसंच. लवंगेच्या किंवा लसणीच्या शेवेत बेसनाचा कमीपणा थोडा लपतो, साध्या शेवेत बेसन आणि तेल दोन्ही उघडी पडतात. म्हणून मुरलेलं गिऱ्हाईक नव्या दुकानात आधी साधी शेव तोंडात टाकतं. लवंगेची शेव वाईट असते असं नव्हे. चांगल्या बेसनावर लवंग खुलते. पण दुकानदाराला बेसन कळतं की फक्त मसाला, हे लवंगेच्या शेवेवरून ठरवता येत नाही.

सिगारच्या दुनियेत या कसोटीला उतरलेलं सर्वांत बोलकं उदाहरण ड्रू इस्टेट या कंपनीचं आहे. जोनाथन ड्रू आणि मार्विन सॅमेल या दोन तरुणांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या एका छोट्याशा गाळ्यातून सिगार विकायला सुरुवात केली. पुढे ड्रू निकाराग्वातल्या एस्तेली या तंबाखूच्या गावी जाऊन राहिला. 1999 मध्ये त्यांनी ‘ॲसिड’ नावाचा सिगार बाजारात आणला. वनस्पती, मसाले आणि सुगंधी तेलं यांच्या सहवासात तंबाखूचं पान बंद खोल्यांत दीर्घकाळ ठेवायचं, त्याला तो वास पिऊ द्यायचा आणि मग त्याचा सिगार वळायचा, अशी ही पद्धत. वेष्टनावरची चित्रं ब्रुकलिनच्या भिंतींवर शोभावीत अशी होती. जुन्या धूम्रपानगृहांत नाकं मुरडली गेली. तरुण गिऱ्हाईक मात्र आलं, आणि भरभरून आलं.

मग 2007 च्या सुमारास याच घराने ‘लिगा प्रिवाडा नंबर 9’ दुकानांत ठेवला. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ खासगी मिश्रण. कंपनीतल्याच माणसांनी स्वतः ओढण्यासाठी ते जुळवलं होतं. वरचं आवरण कनेक्टिकटच्या रुंद, काळसर पानाचं, आतलं बांधणीचं पान ब्राझीलच्या माता फिना जातीचं, भराव मुख्यतः निकाराग्वा-होंडुरासकडचा. सुगंधाचा थेंब नाही. ज्यांनी ॲसिडकडे पाहून तोंड फिरवलं होतं त्यांतलेच अनेक हा सिगार मिळावा म्हणून दुकानदाराला आधी सांगून ठेवू लागले. 2009 मध्ये त्याचाच भाऊ म्हणावा असा ‘टी 52’ आला. प्रश्नाचं सरळ उत्तर हवं असेल तर ते इथे आहे: हो, जमतं. जमलेलं आहे.

पण कसं जमलं, हे पाहिल्याशिवाय त्या ‘हो’ला काही किंमत नाही.

चांगला सिगार म्हणजे तीन पानांचा संसार असतो. आत भराव, त्याला आवळून धरणारं पान आणि बाहेर आवरण. शेतातून आलेलं पान आधी छपराखाली वाळतं. मग त्याचे उंच ढीग रचतात. ढिगाच्या पोटात ऊब वाढत जाते, पान आंबतं, अमोनियाचा उग्र दर्प हळूहळू निघून जातो. ऊब ठरावीक हद्दीपर्यंत गेली की ढीग मोडायचा, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत असा फिरवून पुन्हा रचायचा. हे महिनोन् महिने चालतं, जाड आवरणाच्या पानासाठी कधी वर्षांवर जातं. या कामात घाई केली की सिगार जिभेला चावतो. सुगंधी सिगार करणाऱ्याला ही घाई परवडते, कारण उरलेला दर्प व्हॅनिलाखाली दडपता येतो. निव्वळ तंबाखूचा सिगार करणाऱ्याला ती परवडत नाही.

ड्रू इस्टेटने वास विकून आलेला पैसा पानात घातला. ॲसिड ते लिगा या सात-आठ वर्षांत ते लोक एस्तेलीतच राहिले, शेतकऱ्यांकडून पान ओळखायला शिकले, वळणारे कारागीर तयार केले. नवा सिगार जुन्या नावाखाली विकला नाही, त्याला वेगळं नाव दिलं. सिगार आजूबाजूचा वास शोषून घेतो. चहाच्या डब्याशेजारी हिंगाची डबी ठेवणाऱ्या घराला हे वेगळं सांगायला नको. म्हणून शहाणे दुकानदार सुगंधी सिगारची पेटी साध्या सिगारपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवतात. कारखान्यालाही तेच पाळावं लागतं. जो मालक खोल्या वेगळ्या करण्याच्या खर्चाला कांकू करतो, त्याचा ‘परंपरागत’ सिगार पहिल्या झुरक्यातच त्याचं मूळ गाव सांगतो.

या घराण्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कंपनी ती अशी सांगते: कारखान्यातले वळणारे कारागीर स्वतःच इतके लिगा ओढू लागले की आवरणाचं दुर्मीळ पान कमी पडू लागलं आणि त्यांना तो सिगार ओढायला मनाई झाली. तेव्हा त्यांनी दुसऱ्या पानांचं स्वतःचं मिश्रण जुळवलं. तेच 2011 मध्ये ‘अंडरक्राउन’ या नावाने बाजारात आलं. कंपनीच्या तोंडची गोष्ट म्हणून तिच्यातली थोडी रंगत वजा करावी. तरी तिच्यातला मुद्दा खरा आहे. वळणाऱ्या हाताला पान कळलं, आणि त्या कळण्याला कारखान्यात किंमत मिळाली. सुगंधी मालात ही किंमत अत्तराची बाटली जुळवणाऱ्याकडे जाते.

उलटा प्रवासही झालेला आहे. भारतीय वंशाचे राकेश, म्हणजे सिगारच्या जगातले रॉकी पटेल, वकिली सोडून नव्वदच्या दशकात ‘इंडियन टबॅक’ घेऊन या धंद्यात उतरले आणि परंपरागत सिगारसाठीच ओळखले गेले. पुढे त्यांनी ड्रू इस्टेटबरोबर कॉफी-चॉकलेटच्या अंगाचा ‘जावा’ काढला. म्हणजे दोन्ही गल्ल्यांमध्ये येणं-जाणं आहे. भिंत आहे ती ओढणाऱ्यांच्या मनात, आणि अलीकडे कायद्यातही.

आपल्याकडे याचं सर्वांत जवळचं उदाहरण तंबाखूत नाही, मद्यात आहे. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीजचं. ही कंपनी 1948 मध्ये राधाकृष्ण जगदाळे यांनी काढली. आडनाव मराठी वाचकाला घरचं वाटावं असं. कित्येक दशकं तिचा धंदा रम आणि देशी पद्धतीच्या व्हिस्कीचा होता. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कावर उभं असतं, आणि युरोपात त्याला व्हिस्की म्हणतही नाहीत. अशा बाजारातल्या कंपनीने 24 ऑगस्ट 2004 रोजी निव्वळ जवाची सिंगल माल्ट बाजारात आणली, आणि तीही थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला. साधी शेव नेऊन रतलामच्या शेवबाजारात मांडण्यासारखं ते धाडस होतं. बंगळुरूच्या हवेत पिंपातली दारू वर्षाला दहा-बारा टक्के उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोनेक टक्के. म्हणजे तिथल्यासारखी बारा-पंधरा वर्षं थांबायची सोयच नाही. अमृतने आपल्या हवेला अनुसरून मुरवण्याचा काळ बसवला. 2010 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये व्हिस्की-समीक्षक जिम मरे यांनी ‘अमृत फ्यूजन’ला जगातली तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवलं. मळीच्या धंद्यातून आलेल्या माणसाला जव कळू शकतो असं आधी कुणी म्हटलं असतं तर ग्लासगोत हसं झालं असतं. पण पैसा धान्यात, लाकडात आणि वेळात गुंतवला, तर जुन्या धंद्याचा डाग आड येत नाही.

तंबाखूतलं आपलं स्वतःचं उदाहरण मात्र कडू आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

नव्वदच्या दशकात भारतातून अमेरिकेत विड्या जाऊ लागल्या त्या चॉकलेट, आंबा, चेरी, व्हॅनिला अशा चवींच्या. तिथल्या शाळकरी मुलांना त्या सिगारेटपेक्षा ‘नैसर्गिक’ आणि स्वस्त वाटल्या. 1999 मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मॅसेच्युसेट्समधल्या शहरी मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. त्यातल्या सुमारे 40 टक्के मुलांनी निदान एकदा विडी ओढलेली होती. त्याच वर्षी बालमजुरीच्या कारणावरून एका भारतीय कारखान्याचा माल तिथल्या सीमाशुल्क खात्याने अडवला. तिथल्या 2009 च्या कायद्याने पुदिना सोडून बाकी चवींच्या सिगारेटींना बंदी घातली. चवीची विडी जशी आली तशी ओसरली. मागे काय उरलं? टेंभुर्णीचं पान नीट पारखून आणलेली, निपाणीची तंबाखू जुळवलेली, ओळख सांगणारी एकही विडी त्या बाजारात उभी राहिली नाही. आलेला पैसा पानाकडे वळला असता तर वेगळं काही घडलं असतं की नाही, हे कोण सांगणार. तो वळला नाही एवढं मात्र दिसतं.

हे हळहळण्यासारखं अशासाठी, की पान आपल्याकडेच आहे. टेंभुर्णीच्या पानात मध्य प्रदेश देशात आघाडीवर. 1964 मध्ये इथे त्याच्या व्यापारावर सरकारी मक्तेदारी आली. जंगलातली बाई पन्नास-पन्नास पानांच्या गड्ड्या बांधते आणि हजार गड्ड्यांचं एक प्रमाण पोतं होतं. आत जाते ती तंबाखू गुजरातच्या चरोतरातली आणि आपल्या सीमाभागातल्या निपाणीची. निपाणीच्या वखारींमध्ये तंबाखू चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायांच्या नाकातोंडात दिवसभर ती धूळ जाते. याच निपाणीत 1981 मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी महामार्ग रोखून धरला आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. मिश्रण जुळवण्याची विद्याही तिथेच आहे. कुठल्या गावची तंबाखू कडक, कुठली मऊ, कुठल्या पावसाळ्यानंतरची जास्त धरते, हे जुने व्यापारी हातात घेऊन सांगतात. एस्तेलीच्या कारागिराच्या ज्ञानापेक्षा हे कमी दर्जाचं आहे असं मानायला काहीही आधार नाही. फरक त्याला मिळणाऱ्या किमतीत आहे. सोलापूरच्या विडी कामगार बाईला हजार विड्यांमागे मजुरी मिळते आणि तपासणीत नापास झालेल्या विड्या बाजूला काढल्या जातात. तिने स्वतःचं मिश्रण सुचवावं आणि ते तिच्या कसबाचं म्हणून बाजारात यावं, असा विचारही कुणी करत नाही. संसदेने 1966 मध्ये केलेल्या कायद्याच्या नावात विडी आणि सिगार हे दोन्ही शब्द शेजारी होते. प्रतिष्ठेच्या बाबतीत मात्र त्या दोघांमध्ये समुद्र आहे.

मग भारतातल्या स्वादाच्या घराण्यांनी काय केलं? दिल्लीच्या चांदनी चौकात 1929 मध्ये अत्तराच्या दुकानापासून सुरू झालेल्या धरमपाल सत्यपाल घराण्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. 1964 मध्ये बाबा जर्दा, 1983 मध्ये रजनीगंधा पानमसाला, 1987 मध्ये कॅच मीठ आणि पुढे मसाले, 2015 मध्ये आत तिखट-मीठ भरलेली कैरीची पल्स गोळी, जिने काही महिन्यांतच शंभर कोटींची विक्री गाठली. अंगात चवीची कला होती, ती चवीच्याच वाटेने गेली. निव्वळ पानाकडे वळावं असं त्यांना वाटलं नाही, आणि त्यात धंद्याचं शहाणपण आहे. सुगंधाचं कसब हे स्वतंत्र कसब आहे. ते मिठाला लावा, गोळीला लावा, चालतं. तंबाखूच्या पानाची परीक्षा ही दुसरीच विद्या, ती पहिलीतून आपोआप येत नाही. ड्रू इस्टेटने ती दुसऱ्यांदा, वेगळी, पहिल्यापासून मिळवली, म्हणून ते उदाहरण विरळा ठरतं.

आता कायद्याकडे. अमेरिकेत ‘प्रीमियम’ सिगार कशाला म्हणायचं हा वाद न्यायालयात गेला. ऑगस्ट 2023 मध्ये वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने अशा सिगारांवरचे अन्न व औषध प्रशासनाचे नियम रद्द ठरवले, तेव्हा वापरलेल्या व्याख्येत एक अट स्पष्ट होती: तंबाखूखेरीज दुसरी ठळक चव त्यात नसावी. म्हणजे एकाच कारखान्यातली लिगाची पेटी छत्रीखाली आणि ॲसिडची पेटी पावसात. चवीच्या सिगारांवर सरसकट बंदीचा प्रस्तावही 2022 मध्ये पुढे आला होता. तो जानेवारी 2025 मध्ये मागे घेतला गेला, पण तलवार टांगलेली आहे हे कारखानदारांना कळून चुकलं आहे. चवीवर वाढलेल्या घरांना साध्या पानाकडे जाण्याची घाई झाली आहे, त्यात अभिरुचीइतकाच या भीतीचाही वाटा असावा. 2014 मध्ये ड्रू इस्टेट विकत घेतली ती स्विशर कंपनीने, जिची ‘स्विशर स्वीट्स’ ही यंत्रावरची गोड सिगारिलो अमेरिकेच्या पेट्रोल पंपांवर वर्षानुवर्षं खपते आहे. गोड मालाच्या राजाला लिगाची प्रतिष्ठा हवीशी वाटली.

इथे हात आखडता घ्यावा लागतो. लिगा यशस्वी झाला, ॲसिड मात्र बंद झाला नाही. प्रौढ जाणकारासाठी एक कपाट आणि नवख्यासाठी दुसरं, अशी ही मांडणी अजून तशीच आहे. सुगंधी सिगार ‘दारातून आत आणतो’, असं धंद्यातले लोक मोकळेपणाने बोलतात. दार हा शब्द त्यांना गोड वाटत असेल. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातले 28.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण 26.6 टक्के, मध्य प्रदेशात 34.2. इतकी माणसं आधीच आत होती. आणि सिगार धूर आत न घेता ओढला तरी तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. कनेक्टिकटचं पान असो वा निपाणीचं, या बाबतीत त्यात डावं-उजवं नाही.

म्हणून स्वादाच्या कारखानदाराला परंपरागत सिगारमध्ये यश मिळालं का, हे नुसत्या खपावरून मोजू नये. त्याने स्वादावरचा हात कधी काढला, हा त्यातला अवघड प्रश्न आहे. पान कळतं म्हणणाऱ्याला झाकण्याची गरज उरत नाही. पन्नाशीतला माणूस धोका जाणून एखादा सिगार ओढतो, तो निदान तंबाखूच ओढतो आणि त्याला ते माहीत असतं. आंब्याचा वास घेणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला आपण काय घेतोय हे कळू नये, यासाठीच तो आंबा तिथे घातलेला असतो. पहिल्याशी वाद घालता येतो, दुसऱ्याशी प्रामाणिक व्यवहारच होत नाही.

मध्य प्रदेशाने 1 एप्रिल 2012 पासून गुटख्यावर बंदी घातली. देशात असं करणारं ते पहिलं राज्य, आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये तेच केलं. खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटिन मिसळू नये, या नियमाचा आधार त्यासाठी पुरला. चवीच्या सिगारेटींवर मात्र देशभर लागू होणारी अशी बंदी आजही नाही. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये आणि अठरा वर्षांखालच्याला देऊ नये, हे 2003 चा कायदा सांगतो. तुकोगंजातल्या गुमट्यांपासून शिकवण्या आणि कॉलेजं किती अंतरावर आहेत, हे मोजायला फार लांबीची टेप लागणार नाही. मोजायला कुणी आलंच, तर अंतराबरोबर फळीही पाहावी. विडीचं बंडल खाली कोपऱ्यात असतं, आणि पुदिन्याची गोळी असलेलं चकचकीत पाकीट बरोबर पोराच्या डोळ्यांसमोर.